कोपऱ्यात कोण उभा करायचा?

निपाणीत संध्याकाळी चहाच्या गाड्यावर कबड्डीचा विषय निघाला की दुसरा चहा येईपर्यंत तो मिटत नाही. परवाही तसंच झालं. आमच्यातले वयानं मोठे मामा म्हणाले, "शांताराम जाधवसारखा गडी पुन्हा झाला न्हाई." शेजारच्या कॉलेजच्या पोरानं लगेच उत्तर दिलं, "मामा, प्रदीप नरवालनं एका चढाईत सहा गडी मारलेत. तुमच्या वेळी कुणी मारलेते काय?" तिसरा एकजण इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मारून येणारा मोठा, का मारायला आलेल्याला धरणारा मोठा, ते आधी ठरवा की."

तिसऱ्याचा प्रश्न खरा आहे. सर्वांत थोर कबड्डीपटू कोण, हा वाद वर्षानुवर्षं चालतो, कारण वाद घालणारे एका नावाखाली वेगवेगळी कामं मोजत असतात. घरात सर्वांत चांगलं भांडं कोणतं, तवा की कुकर की खलबत्ता, असं विचारलं तर उत्तर काय देणार? भाकरी करायची असेल तर तवा. वाटण करायचं असेल तर खलबत्ता. कबड्डीच्या सात जागाही अशाच आहेत. प्रत्येक जागेला वेगळं शरीर लागतं, वेगळी नजर लागते आणि धीरही वेगळ्या जातीचा लागतो.

रग्बी खेळणाऱ्या देशांत हा वाद जास्त शिस्तीनं होतो, आणि त्याचं कारण साधं आहे. पंधरा जणांच्या त्या खेळात पाठीवरचा आकडाच जागा सांगतो. 9 नंबर म्हणजे चेंडू पुरवणारा, 10 नंबर म्हणजे डाव आखणारा, 11 आणि 14 म्हणजे कडेनं धावणारे. त्यामुळे तिथं लोक 'थोर कोण' असं न विचारता '9 नंबरला थोर कोण' असं विचारतात. मग वेल्सचा गॅरेथ एडवर्ड्स 9 नंबरला येतो, न्यूझीलंडचा रिची मकॉ 7 नंबरला आणि 1995 च्या विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंडला चार ट्राय मारणारा जोना लोमू 11 नंबरला. लोमू आणि मकॉ यांच्यात मोठा कोण, हा प्रश्न तिथं फारसा कुणी विचारत नाही.

कबड्डीत पाठीवरचा आकडा काहीच सांगत नाही. कोण कुठं उभा आहे ते आपल्याला डोळ्यांनीच बघावं लागतं. म्हणून आधी मैदान समजून घेऊ.

पावणेचार मीटरची खोली

पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतं. मध्यरेषेनं त्याचे दोन भाग होतात, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोली येते. दोन्ही कडांना एकेक मीटरचं राखीव क्षेत्र असतं. झटापट सुरू झाल्याशिवाय तिथं पाय ठेवता येत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष उभं राहायला मिळणारी रुंदी 8 मीटर. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा.

निदानरेषा हा चढाई करणाऱ्यावरचा कर आहे. कुणाला स्पर्श न करता आणि ही रेषा न ओलांडता परत आला तर तो बाद. म्हणजे दारातून डोकावून परत फिरायची मुभा नाही, खोलीत यावंच लागतं. बोनस रेषा हे आत ठेवलेलं आमिष आहे. समोर सहा किंवा सात गडी असताना एक पाय या रेषेपलीकडे टेकवला आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत असला, तर एक गुण फुकट मिळतो.

मागचा पाय हवेत हवा, हे लक्षात ठेवा. पुढचं बरंचसं नाट्य त्याच अटीतून जन्माला येतं.

बचावाचे सात जण साधारण कोयत्याच्या पात्यासारखे वाकून उभे राहतात. दोन टोकांना दोन कोपरे. कोपऱ्याच्या आत शेजारी इन, त्याच्या आत कव्हर आणि मधोमध सेंटर. डावा-उजवा धरून कोपरे दोन, इन दोन, कव्हर दोन आणि सेंटर एक. वर्तमानपत्रांत कोपरारक्षक, मध्यरक्षक असे शब्द छापून येतात, पण मैदानावर पोरं 'कॉर्नर' आणि 'कव्हर'च म्हणतात.

डावा कोपरा

या वादातली सर्वांत मोलाची जागा डाव्या कोपऱ्याची, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण सांगतो.

चढाईपटू आणि बचाव समोरासमोर असतात. चढाईपटूचा उजवा हात ज्या बाजूला, ती बचावाची डावी बाजू. बहुतेक माणसं उजव्या हाताची आणि उजव्या पायाची असतात, त्यामुळे बहुतेकांचा ओढा आपल्या उजवीकडे असतो. म्हणजेच बचावाच्या डाव्या कोपऱ्यावर काम जास्त पडतं. गावातल्या दोन दुकानांपैकी एक बसस्थानकासमोर असावं, तशी ही जागा. गिऱ्हाईक तिकडंच येतं.

आता पकडीचं गणित. पाच फूट आठ इंचाचा माणूस पुढे झेप घेऊन हात लांब करतो तेव्हा पायापासून बोटापर्यंत त्याची लांबी सव्वादोन मीटरच्या आसपास भरते. बोनस रेषेवर, म्हणजे मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर त्याचा घोटा कुणी धरला, तर पुढे पडूनही मध्यरेषा त्याच्या बोटांपासून अडीच मीटर लांब राहते. तेवढं अंतर त्याला पाठीवर दोन-तीन माणसं घेऊन सरपटत कापावं लागेल. तोच घोटा निदानरेषेजवळ धरला तर उरतं जेमतेम दीड मीटर, आणि दमदार गडी तेवढं ओढून नेतो. एकच पकड मीटरभर खोलीच्या फरकानं यशस्वी किंवा फुकट ठरते.

म्हणून कोपऱ्याचं खरं काम वाट बघण्याचं. चढाईपटू खोल येईपर्यंत मागं सरकायचं, घाबरल्यासारखं दाखवायचं, त्याला आणखी एक पाऊल आत घ्यायला लावायचं. तो बोनससाठी पाय टाकतो, मागचा पाय उचलतो आणि क्षणभर एका पायावर तोलून राहतो. अर्धा सेकंदही नसेल, पण तेवढ्यात कोपरा खाली झुकून घोटा धरतो. शाळेत शिकवलेलं आठवा: वस्तूचा पाया जितका अरुंद तितकी ती लवकर कलंडते. दोन पायांवरचा माणूस म्हणजे चारपाई, एका पायावरचा म्हणजे उभी केलेली काठी.

नवशिके कोपरे उतावीळपणात मार खातात. चढाईपटू निदानरेषेच्या अलीकडे असतानाच झडप घालतात, तो त्यांना शिवतो आणि दोन पावलांत घरी जातो. शाळेच्या संघात मी उजव्या कव्हरला उभा राहायचो, तेव्हा आमचे खेळाचे मास्तर कोपऱ्यातल्या पोराला पुन्हा पुन्हा एकच सांगायचे: "त्याला बसू दे, मग ताट वाढ."

या जागेला माझी निवड इराणच्या फझल अत्राचलीची. प्रो कबड्डीत पकडींच्या 500 गुणांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला खेळाडू. कबड्डीत येण्याआधी तो कुस्ती खेळत होता, आणि आपल्याकडच्या माणसाला ते त्याचा खेळ बघताच कळतं. तो नुसत्या हातानं पाय धरत नाही. खांदा मांडीला लावतो, डोकं बाहेर ठेवतो आणि आपलं वजन समोरच्याच्या पायावर सोडून देतो. तालमीत पट काढताना हेच तर शिकवतात. कोल्हापूरच्या खासबागेत किंवा बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात ज्यानं एक दुपार काढली आहे, त्याला हा डाव ओळखीचा वाटेल.

2018 मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी उपांत्य सामन्यात भारताला 27-18 असं हरवलं, तेव्हा अत्राचली त्या संघात होता. 1990 ला बीजिंगमध्ये कबड्डीचा आशियाई स्पर्धेत समावेश झाल्यापासून भारतानं सलग सात सुवर्णपदकं जिंकली होती. ती साखळी तिथं तुटली. भारताच्या 18 गुणांकडे नीट बघा. पकडींचे गुण धरूनही अख्ख्या सामन्यात आपल्याला एवढेच मिळाले, कारण समोरचे कोपरे घाई करत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणनं भारताला 27-24 असं हरवून सुवर्ण घेतलं. त्या संघाला घडवणारी प्रशिक्षक आपल्या नाशिकची, शैलजा जैन. आपल्या मातीतलं शहाणपण बाहेर जाऊन आपल्यावरच उलटलं, असं त्यावेळी काहीजण म्हणाले. मला मात्र त्या निकालाचा अभिमान वाटला होता आणि आजही वाटतो.

कोपरे जोडीनं मोजायचे

उजव्या कोपऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तंत्र तेच आहे, आरशातलं. तामिळनाडूचा धर्मराज चेरलाथन चाळिशी ओलांडल्यावरही या जागेवर उभा राहिला. प्रो कबड्डीच्या 2016 च्या चौथ्या हंगामात त्याच्या नेतृत्वाखाली पटना पायरेट्सनं विजेतेपद मिळवलं. वय वाढलं की पाय मंदावतात, पण कोपऱ्याला अंदाज जास्त लागतो आणि पाय कमी. इतकी वर्षं चढाईपटू टिकत नाही, कोपरा टिकतो. या जागेवर मी त्यालाच उभा करेन.

तरी एक अडचण राहते. यू मुम्बानं 2015 ला विजेतेपद मिळवलं, तेव्हा डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा आणि उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर होता. एकानं पाय धरला की दुसरा कुठून येणार, हे दोघांना न बोलता कळायचं. अशा जोडीतला एकटा उचलून 'थोर' म्हणणं म्हणजे बैलजोडीतल्या एकाच बैलाला शर्यतीचं बक्षीस देणं.

कव्हर म्हणजे दार

कोपरा मागून धरतो, कव्हर पुढून अडवतो. चढाईपटू आत गेला, की तो आणि मध्यरेषा यांच्यामध्ये येऊन उभं राहायचं, हे कव्हरचं काम. खोलीत चोर शिरल्यावर एकानं त्याचा पाय धरावा आणि दुसऱ्यानं दार लावावं, तसं.

दार लावायच्या दोन रीती. एक म्हणजे अडवणं: परतणाऱ्या चढाईपटूच्या वाटेत छाती घालून उभं राहायचं. दुसरी म्हणजे डॅश: पूर्ण वेगानं धडक मारून त्याला कडेच्या रेषेबाहेर ढकलायचं. डॅशमागची युक्ती सुंदर आहे. चढाईपटू सगळा जोर मध्यरेषेच्या दिशेनं लावत असतो. त्या जोराला समोरून विरोध केला तर तेवढाच जोर लागतो. पण बाजूनं धक्का दिला तर त्या दिशेला त्याचा प्रतिकार जवळजवळ नसतो. जोरात चाललेल्या सायकलला पुढून थांबवणं अवघड, पण बाजूनं नुसता हात लावला तरी ती पडते. शिवाय बाहेर ढकलायला अंतरही कमी लागतं.

पण कव्हरची चूक महाग पडते. कोपरा चुकला तर एक गुण जातो. कव्हर चुकीच्या वेळी पुढे आला तर त्याच्या मागची, हात धरून उभ्या असलेल्या गड्यांची साखळी उघडी पडते आणि एकाच्या जागी तिघे बाद होतात. म्हणून थोर कव्हर ओळखायचा असेल तर त्यानं किती पकडी केल्या याच्याबरोबर किती वेळा स्वतःला आवरलं, तेही बघावं लागतं. ते कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं. सुरजित सिंग उजव्या कव्हरला आणि हरियाणा स्टीलर्सला पहिलं विजेतेपद मिळवून देणारा कर्णधार जयदीप दहिया डाव्या कव्हरला, ही माझी निवड मी असं आवरणं बघून केली आहे. महाराष्ट्राच्या विशाल मानेचं नाव घेतलं नाही तर आमच्या गाड्यावर मला चहा मिळणार नाही, आणि त्याचा मान तेवढा आहेच.

चौकट: मापं आणि नियम

पुरुषांचं मैदान 13 × 10 मीटर, निदानरेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर. महिलांचं मैदान 12 × 8 मीटर, निदानरेषा 3 मीटरवर. दोन्हीकडे बोनस रेषा त्यापुढे एक मीटर.

एका चढाईला 30 सेकंद. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरी 'करो या मरो': गुण न आणता परतला तर चढाईपटू बाद.

बचावात तीन किंवा कमी गडी असताना केलेली पकड म्हणजे अव्वल पकड, तिला एक गुण जास्त. समोरचा सगळा संघ बाद झाला तर लोण, त्याचे दोन गुण वेगळे.

चढाई: एक काम, चार शरीरं

लोकांच्या ओठावर नावं असतात ती चढाईपटूंचीच. तरी 'चढाईपटू' ही एक जागा मानली तर पुन्हा घोटाळा होतो, कारण चढाईच्या रीती एकमेकींपासून फार लांब आहेत.

अनुप कुमारची चढाई पायाच्या बोटांत होती. 2014 ला प्रो कबड्डीच्या पहिल्या हंगामात सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. वेगानं न धावता तो कोपऱ्यासमोर उभा राहून पाय पुढे-मागे करत राहायचा. कोपरा घाबरून मागं सरला की बोनस, पुढे आला की स्पर्श. दुकानदाराला भावात घोळवणाऱ्या गिऱ्हाइकासारखा तो बचावाला दोन्हीकडून तोट्यात आणायचा.

हिमाचलच्या अजय ठाकूरची चढाई हवेत होती. 2016 च्या अहमदाबादच्या विश्वचषकात अंतिम सामन्याच्या मध्यंतराला भारत इराणच्या मागं होता. मग ठाकूरनं सामना फिरवला. भारत 38-29 असा जिंकला आणि त्यात त्याचे एकट्याचे 12 गुण होते. वाकलेल्या बचावपटूच्या पाठीवरून जाणाऱ्या त्याच्या उडीला आपल्याकडे हनुमान उडी म्हणतात. कोपरे आणि कव्हर पायासाठी खाली वाकतात, म्हणूनच वरची वाट मोकळी होते.

प्रदीप नरवालची चढाई जमिनीलगत. दोन बचावपटू हात धरून साखळी करतात तेव्हा त्यांचे हात कमरेच्या उंचीवर असतात आणि खाली एक खिडकी उरते. वेगात असतानाच गुडघ्यात मोडून त्या खिडकीतून निघून जाणं म्हणजे डुबकी. खाली गेलेल्या माणसाला अडवायचं तर त्याच्याहून खाली जावं लागतं, आणि तेवढा वेळ बचावाकडे नसतो. 2017 च्या हंगामात त्यानं चढाईचे 369 गुण मिळवले. त्याच हंगामात हरियाणा स्टीलर्सविरुद्ध त्यानं एका चढाईत सहा गडी बाद केले आणि लोणाचे दोन धरून आठ गुण आणले. गाड्यावरचं पोरगं त्याच चढाईबद्दल बोलत होतं.

आणि चौथी रीत आपल्या शेजारची. सिद्धार्थ देसाई, गाव हुंदळेवाडी, तालुका चंदगड. 2018 ला यू मुम्बाकडून पहिल्याच हंगामात त्यानं चढाईचे 218 गुण केले आणि लोकांनी त्याला 'बाहुबली' म्हणायला सुरुवात केली. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख रुपये मोजले. त्याचा सगळा भर ताकदीवर. पाय धरलेला असतानाही तो पाठीवरच्या दोघांना घेऊन मध्यरेषेकडे निघतो. मघाच्या गणितात आपण अडीच मीटर सरपटण्याची गोष्ट केली होती, तो हिशेब त्याच्यासारख्यामुळे कोलमडतो.

चौघांत थोर कोण? संघाला काय हवंय त्यावर ते ठरतं. दोन गुणांची आघाडी टिकवायची असेल तर मी अनुपला पाठवेन. लोण उलटवायचा असेल तर प्रदीपला. तिसऱ्या चढाईत एक गुण हवाच असेल आणि समोर खोल बसलेला बचाव असेल तर सिद्धार्थला.

माती गेली, मॅट आली

मामांचं म्हणणं अजून उरलं आहे. त्यांच्या तरुणपणी हा खेळ मातीवर, अनवाणी खेळला जायचा. मातीत पाय टाकला की तो थोडा रुततो आणि थोडा घसरतो. झटकन दिशा बदलता येत नाही, पण धरलेला पाय फिरवून सोडवता येतो. मॅटवर बुटाचा तळ चिकटून राहतो. वळण लगेच मिळतं, पडलं तरी कमी लागतं, म्हणून उडी आणि डुबकी दोन्ही फोफावल्या. मातीवरच्या गड्याला डुबकी जमत नव्हती असा त्याचा अर्थ नाही. मातीत ती फायद्याची नव्हती.

नियमही बदलत आले. पूर्वी महाराष्ट्रात हुतूतूचे संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जायचे. संजीवनीत आपण एक गडी मारला की आपला एक बाद गडी परत यायचा. गामिनीत बाद झालेला माणूस सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसायचा. या एका फरकानं थोरपणाची व्याख्या बदलते. संजीवनीत धाडस परवडतं, कारण बाद झालेला परत येतो. गामिनीत एक चूक म्हणजे पूर्ण डावाची शिक्षा, तिथं न मरणारा गडी सोन्याचा. सध्याची कबड्डी संजीवनीच्या वळणाची आहे. गामिनीच्या गड्याला आजच्या गुणतक्त्यानं मोजलं तर तो लहानच दिसणार.

2014 नंतर 'करो या मरो' चढाई आली आणि रिकामं जाऊन येण्याची कला मागं पडली. त्याआधी चढाईपटू चार चढाया नुसता बचाव वाचायला जाऊ शकत असे. आता तिसऱ्या खेपेला काहीतरी आणावंच लागतं. त्यामुळे आजच्या गड्यांचे आकडे फुगतात आणि जुन्यांचे तसे फुगण्याची सोयच नव्हती.

मग जुन्यांना कशानं मोजायचं? माझं उत्तर: त्या काळच्या कसोटीनं आणि त्यांच्या जागेच्या कामानं. 1972 ला कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार महाराष्ट्राच्या सदानंद शेट्येंना मिळाला. 1978 ला शकुंतला खटावकरांना मिळाला. बीजिंगच्या पहिल्या सुवर्णविजेत्या संघात अशोक शिंदे आणि राजू भावसार होते. त्यांच्या सामन्यांचं चित्रण आपल्याकडे नाही, आहेत ती बघणाऱ्यांची वर्णनं. ती ऐकताना मी एकच विचारतो: तो कुठं उभा राहायचा? उत्तर मिळालं की वर्णनातला अर्धा धूर निघून जातो.

रेषेच्या अलीकडे-पलीकडे

आमच्या भागात या वादाला आणखी एक फाटा आहे. निपाणीचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाखाली. निपाणीचं पोरगं कॉलेजचा खेळाडू म्हणून कोल्हापूरच्या विद्यापीठाकडून उतरू शकतं, आणि घरच्या पत्त्यावर त्याचा जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक. एकाच मैदानावर सराव करणारी दोन पोरं निवड चाचणीला दोन वेगळ्या राज्यांत जातात.

चंदगडचंही तसंच, पण उलट्या बाजूनं. 1956 पर्यंत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तेवढा महाराष्ट्राच्या बाजूला राहिला. ती रेषा दुसरीकडून ओढली गेली असती तर हुंदळेवाडीच्या सिद्धार्थला आज आपण कर्नाटकचा चढाईपटू म्हटलं असतं. चंदगडच्या माणसाचा बाजार आजही बेळगावचा आहे, आणि त्याच्या खेळाचं कौतुक दोन्हीकडे सारखंच होतं.

म्हणून आमच्या भागातल्या माणसानं यादी करताना दोन्ही राज्यांची नावं घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं. कर्नाटकाच्या बी. सी. रमेशनी खेळाडू म्हणून आशियाई सुवर्ण मिळवलं आणि पुढे प्रशिक्षक म्हणून 2019 ला बंगाल वॉरियर्सना, 2024 ला पुणेरी पलटणला विजेतं केलं. पुण्याच्या त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार महाराष्ट्राचा. 2012 ला पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारतानं जिंकला, तेव्हा कर्णधार होती उडुपी जिल्ह्यातली ममता पुजारी आणि संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या. महिलांच्या मैदानात निदानरेषा तीन मीटरवर असल्यानं परतीची वाट आखूड असते, म्हणून तिथं कोपऱ्यानं एकट्यानं धरून भागत नाही, कव्हरला अर्धा क्षण आधी निघावं लागतं. बेळगावच्या शाळांतल्या मुलींना शिकवताना पुरुषांचे व्हिडिओ दाखवून तीच वेळ शिकवली जाते, हे मला चुकीचं वाटतं. त्यांना ममता पुजारीचे सामने दाखवायला हवेत.

इन

एक जागा मी मुद्दाम शेवटी ठेवली. कोपऱ्याच्या शेजारचा इन. बहुतेक संघ इथं चढाईपटूंना उभं करतात, म्हणजे ते चढाईसाठी ताजे राहतील. पण कोपऱ्याचा हात धरून साखळीचं पहिलं कडं होणारा हाच. कोपरा झेपावला की हात कधी सोडायचा ते यालाच ठरवायचं असतं. लवकर सोडला तर कोपरा एकटा पडतो, उशिरा सोडला तर कोपरा झेपावतच नाही. पकड झाली की गुण कोपऱ्याच्या नावावर लागतो. इनचं नाव कुणी घेत नाही.

त्या संध्याकाळी मी वहीच्या कागदावर मैदान आखून सात गोल काढले आणि नावं भरली. डाव्या कोपऱ्यात अत्राचली, उजव्यात चेरलाथन, कव्हरला सुरजित आणि जयदीप, सेंटरला अनुप, उजव्या इनला प्रदीप. डावा इन रिकामा ठेवून कागद मामांकडे सरकवला. मामांनी बराच वेळ बघितलं आणि त्यांच्या गावच्या संघातल्या एका गड्याचं नाव लिहिलं. आम्ही कुणीच ते कधी ऐकलं नव्हतं. तंबाखूच्या वखारीत काम करायचा, म्हणाले, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात खेळायचा.

कॉलेजच्या पोरानं कागद स्वतःकडे ओढला. मला वाटलं, आता हसणार. तो म्हणाला, "मामा, त्याच्या शेजारी कोपऱ्यात कोण होता?"

मामांनी खुर्ची पुढे घेतली आणि सांगायला सुरुवात केली.